भिशीतलं चौदावं पुस्तक

मंचेरियल,
१९ जानेवारी १९८४

सुभी,

‘अनेक उत्तम आशीर्वाद’ लिहायला बसले आणि पेन अडलं. माझ्या आशीर्वादांत जोर असता तर तू आज इथेच असतीस. तेव्हा नुसतं सुभी.

तुझं पार्सल मंगळवारी आलं. अप्पा कचेरीत होते हे नशीब. तारखेवार एकेक पान असलेलं तेच तुमचं ख्रिस्ती मननाचं पुस्तक, फक्त नव्या सालाचं. मी ते उलटं धरून झटकलं, पुठ्ठ्याच्या आत बोट घालून पाहिलं. चिठ्ठी नाही. दोन ओळी लिहायला हात दुखत होता का? पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र नीट लिहिलायस, म्हणून कळलं की तू जालन्याजवळ मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात आहेस आणि जिवंत आहेस. तीन महिने मी धड जेवलेले नाही. हे तुला सांगणार नव्हते, पण सांगितलं.

आता ऐक. तू रागावली आहेस ती गैरसमजातून. म्हणून आपल्या रहस्यकथांतल्या पोस्टमास्तरीणबाई शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून सांगतात, तसं मीही क्रमाने सांगते. आपल्या ओळखीची मराठी घरं आठ. प्रत्येकाने नागपूरहून एक-दोन पुस्तकं मागवायची आणि दर रविवारी पुढच्या घरी सरकवायची, ही आपली पुस्तकभिशी. पुस्तकं बहुतेक रहस्यकथाच, कारण बायकांना दुसरं काही गोड लागत नाही. सगळ्यांना खाकी कव्हरं घालून वर नंबर टाकायचा, हे काम माझं. तू आशाबाई नर्सकडून आणलेलं मननाचं पुस्तक अप्पांच्या नजरेला पडू नये म्हणून तसंच कव्हर घालून भिशीच्या पुस्तकांत दडवायचीस. सप्टेंबरातल्या त्या रविवारी मी घाईत तेच उचललं आणि कुसुमबाईंकडे पाठवलं. कव्हर सारखं, जाडी सारखी. एवढंच झालं.

त्यात तुझ्या पेन्सिलीच्या ओळी असतील हे मला काय माहीत? तू ख्रिस्ती व्हायचं ठरवलं आहेस, हे मलासुद्धा मथुराबाई ते पुस्तक नाचवत दारात आल्या तेव्हाच कळलं. पाच घरं फिरून ते नेमकं त्यांच्या हाती पडावं, आणि त्या चिंतामणीची सख्खी आत्या असाव्यात! ठरलेलं लग्न मोडलं. अप्पांनी पुस्तक बंबात घातलं आणि तुला दार दाखवलं. यात मी कुठे आहे, सांग.

अप्पांचा राग उन्हाळ्यापर्यंत उतरेल. तू परत ये. तुझी खोली रोज झाडते.

ताई


मंचेरियल,
११ ऑगस्ट १९८५

सुभी,

याही जानेवारीत पुस्तक आलं, याही वेळी चिठ्ठी नाही. माझी पाच पत्रं तुझ्याकडे आहेत. मिशनवाल्यांनी बोलायला बंदी केली आहे, की ती तुझीच कल्पना?

तुझं पुस्तक मी रोज वाचते. लगेच हुरळून जाऊ नकोस. आधी देवघरात दिवा लावते, मग तारखेचं पान वाचते. दोघे देव आपसांत काय ते बघून घेतील. पानं लहान असतात आणि भाषा जरा परक्या वळणाची, पण एखादं पान दिवसभर सोबत राहतं. ४ सप्टेंबरचं तेवढं मी उघडत नाही. का ते विचारू नकोस. तू तसंही काही विचारत नाहीसच.

भिशी चालू आहे. दुपारी भांडी झाली की मी वाचायला बसते, मोठ्यानेच, आपण दोघी बसायचो तशी. आपली वाटणी मी मोडलेली नाही. पोस्टमास्तरीणबाईंचं बोलणं तुझं, बाकी सगळे माझे, खुनी धरून. बाई बोलायला लागल्या की मी थांबते आणि त्यांची ओळ मनात वाचते. वेडेपणा आहे, आहेच.

गेल्या महिन्यात अशीच थांबले होते, तर पलीकडच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज आला. तुझ्या खोलीत. उठून पाहिलं. खिडकी बंद, पंखा बंद, तुझं पुस्तक टेबलावर मिटलेलं. मी परत येऊन बसले. बाईंची पुढची ओळ आली, थांबले, आणि पुन्हा पान उलटलं. त्यानंतर हे रोज होतंय. अप्पांना सांगितलं तर म्हणाले, उंदीर असेल. उंदीर काय बाईंची ओळ आली की बरोबर पान उलटेल?

या गोष्टींत खून नेहमी दुसऱ्या खोलीत व्हायचा, आणि आपल्याला तेच आवडायचं. रक्त दिसायचं नाही. एक कलंडलेला कप, एक उघडी राहिलेली कडी, आणि मग सगळ्यांसाठी चहा. तू म्हणायचीस, ताई, असा मऊ खून मला चालतो. आता भर दुपारी मला दुसऱ्या खोलीत जायला नको वाटतं.

येऊन जा ना एकदा. अप्पा घरी नसतील अशी वेळ मी कळवते.

ताई


मंचेरियल,
२ डिसेंबर १९८८

सुभी,

तार तुला मिळाली असेल. अप्पा गेले त्याला आज अठरा दिवस झाले. तुला कळवायला उशीर झाला. घरात मी एकटी, दवाखाना, औषधं, माणसांची ये-जा. गडबडीत राहून गेलं. शेवटचं तोंड तुला पाहता आलं नाही याचं मला फार वाईट वाटतं.

पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाने आयुष्यभर रहस्यकथांना ‘रिकामटेकड्यांचा उद्योग’ म्हटलं, त्याच माणसाला मी दुपारी त्या वाचून दाखवायला लागले. ऐकायचे. खुनी कोण ते माझ्या आधी ओळखायचे आणि डाव्या हाताचं बोट वर करायचे. एकदा बोट वर केलं ते माझ्याकडे रोखून. मी पुस्तक मिटून चहा करायला उठले. नंतर पाहिलं तर माझ्यामागच्या फडताळात तुझं मननाचं पुस्तक होतं. त्यांना ते हवं होतं.

मग रोज तेही वाचलं. ते डोळे मिटून ऐकत. पान उलटल्याचा तो आवाज त्या दिवसांत कधी आला नाही, हे लिहून ठेवते.

तुझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलणार तरी कसे?

तुझी खोली आहे तशी आहे. आता तर तुला अडवणारंही कोणी नाही.

ताई


मंचेरियल,
६ फेब्रुवारी १९९४

सुभी,

जानेवारी संपला. पुस्तक आलं नाही.

दहा वर्षांत पहिल्यांदा. पोस्टमन मला बघून रस्ता बदलायला लागला आहे. दुपारी मी वाचायला बसते, बाईंच्या ओळीला थांबते आणि कान देते. काही येत नाही. पलीकडच्या खोलीतला आवाजही जानेवारीपासून बंद आहे. तो येत होता तेव्हा मी घाबरायचे. आता येत नाही, तर जास्तच भीती वाटते. तू असशील तर हे पत्र वाच. नसशील तर हे कोणासाठी लिहायचं ते मला कळत नाही, पण लिहिल्याशिवाय आता सुटका नाही.

मी तुला खोटं सांगितलं. पुस्तक चुकून गेलं नाही. मी पाठवलं.

तू लपवलेलं पुस्तक मला जुलैतच सापडलं होतं. तुझ्या ओळी मी रोज चोरून वाचत होते. ३ सप्टेंबरच्या पानाखाली तू लिहिलं होतंस, ‘दसऱ्याला चिंतामणी येतील. त्यांना स्वतः सांगणार. लपवून लग्न नको.’ ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबरच्या रविवारी, मी पुस्तक पाठवलं. तो नकार देईल म्हणून नव्हे. तो होकार देईल म्हणून. तुला माहीत आहे तो कसा होता. ‘असू दे, आपापला देव आपापल्यापाशी’ म्हणाला असता आणि तुला चंद्रपूरला घेऊन गेला असता.

आणि मग या घरात कोण राहिलं असतं? अप्पा, त्यांचा अडकित्ता आणि मी. वर्ध्याहून दोन वर्षांत परत पाठवलेली, नवऱ्याने टाकलेली, जिचं नाव बायका हळदीकुंकवाला विसरतात ती. माझ्याशी दिवसाकाठी दहा वाक्यं बोलणारं एकच माणूस होतं. मला वाटलं, गोष्ट तुझ्या तोंडून न निघता मथुराबाईंच्या तोंडून फुटली तर लग्न मोडेल. थोडं रडशील, आणि राहशील. लग्न मोडलेली मुलगी घरीच राहते, हे मी माझ्यावरून शिकले होते. अप्पा तुला बाहेर काढतील हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गुन्हेगार म्हणूनही मी कच्चीच निघाले.

पाच आठवडे तू ते पुस्तक शोधत होतीस. मीही तुझ्याबरोबर शोधलं. कोठीतले डबे हलवले, गादीखाली हात घातला. तू म्हणालीस, ताई, तू किती करतेस माझ्यासाठी.

आणखी एक राहिलं. अप्पांना बोलता येत नव्हतं, पण डाव्या हाताने पाटीवर लिहिता यायचं. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी तुझं नाव लिहिलं, वाकडंतिकडं, खाली दोन रेघा ओढून. मी म्हटलं, अप्पा, लागत नाही हो अक्षर, आणि पाटी पुसली. तू आली असतीस तर सगळं उकलत गेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांनी पाटी मागितली नाही. तार मी ते गेल्यावर दहा दिवसांनी केली.

हे सगळं लिहून हलकं वाटेल असं तुमच्या पुस्तकांत म्हणतात. मला तसं काही वाटत नाही.

मला माफ कर, असं लिहायची माझी लायकी नाही. तू आहेस की नाहीस, एवढं कोणाकडून तरी कळव.

रमा


मंचेरियल,
२० मार्च १९९४

सुभी,

कार्ड मिळालं. अक्षर तुझं नाही हे पाहून मी उंबऱ्यातच खाली बसले, मग वाचलं. सुभद्राबाई जिन्यावरून पडल्या, उजवा हात मोडला, दोनदा बसवावा लागला, आता बरं आहे. जीव भांड्यात पडला. खाली वसतिगृहातल्या लिहून देणाऱ्या मुलीने म्हटलं आहे, ‘तुमचं लांब पत्र मी बाईंना वाचून दाखवलं. बाई बरं म्हणाल्या.’

एवढंच. बरं.

म्हणजे माझं पाप एका सोळा वर्षांच्या मुलीने तुला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं, त्याची लाज मला वाटलीच. पण त्याहून ते ‘बरं’ मला झोपू देईना. सतरा वर्षं मी रहस्यकथा वाचते आहे, सुभी. खुनी कबुली देतो तेव्हा एखादा माणूस दचकत नाही, तर त्याला ते आधीपासून ठाऊक असतं. एवढं मला कळतं.

म्हणून परवा वाकिडीला गेले. कुसुमबाई आता तिथेच असतात, मुलाच्या शेतावर. त्या ओट्यावर सुपातली ज्वारी निवडत होत्या. मी चहाही घेतला नाही. म्हटलं, कुसुमबाई, सुभीचं पुस्तक तुमच्याकडे चुकून आलं नव्हतं, मी मुद्दाम पाठवलं होतं. त्यांचा हात थांबलासुद्धा नाही.

“माहीत हाय मले,” त्या म्हणाल्या. “तवाच समजलं. भिशीत आपली तेरा पुस्तकं. चुकून आलेल्या पुस्तकावर चौदा नंबर कसा पडला व? अन् नंबराच्या कागदाची खळ वलीच होती. माह्या बोटाले चिकटली.”

मी तो नंबर टाकला होता. इतकी वर्षं मला आठवतही नव्हतं. नंबर नसता तर कुसुमबाईंनी ते परत आणून दिलं असतं, म्हणून टाकला होता.

मी विचारलं, मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत?

“काऊन बोलू? मी बी वाचलं अन् पुढं सरकवलं. पाची जनींनी वाचलं, पाची जनींनी सरकवलं. पुढं मथुराबाईचं घर हाय, हे काय कोनाले ठावं नव्हतं? गोष्टी वाचून वाचून लय शान्या झालतो आमी. तोंड कोनीच उघडलं नाई.” मग सूप खाली ठेवून त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “मले राहवलं नाई म्हून तिले निघायच्या दिशी टेसनावर भाकर घेऊन गेलती. म्हनलं, पोरी, हे तुह्या बहिनीचं काम हाय. तं ते म्हने, मले समजलं, कुसुमबाई. मथुराबाईच्या हातात पुस्तक पाह्यलं तवाच नंबर पाह्यला मी, ताईचाच हात हाय तो. पन तिले सांगू नका मले समजलं म्हून. तिले त्याच घरात राहाचं हाय.”

परतीच्या बसमध्ये आसिफाबादपर्यंत मी रडले. आसिफाबादनंतर मला राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे पत्र असं आहे.

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी ‘कव्हर सारखं, जाडी सारखी’ लिहीत होते आणि तू ते वाचत होतीस. मी ‘यात मी कुठे आहे’ विचारत होते आणि तू पुस्तकावर माझा पत्ता लिहीत होतीस. दर जानेवारीचं ते मुकं पार्सल मी तुझा राग समजत होते. तो राग नव्हताच. तू मला माफ करून मोकळी झाली होतीस, स्टेशनवरच, गाडी यायच्या आधी, हातात कुसुमबाईंची भाकर घेऊन.

मी मागितली होती का माफी? मला विचारलं होतंस? न सांगता माफ केलेल्या माणसाचं काय होतं, हे तुमच्या एकाही पानावर लिहिलेलं नाही, मी दहा वर्षांची सगळी पानं वाचली आहेत. त्याला कोणी पकडत नाही आणि कोणी सोडतही नाही. तो रिकाम्या घरात पानं उलटल्याचे आवाज ऐकत बसतो. तू जाताना नुसतं मागे वळून ‘ताई, हे काय केलंस’ एवढं म्हणाली असतीस, तर मी तिथेच अप्पांच्या पाया पडून सगळं ओकले असते. कदाचित तुला जावं लागलं नसतं. तू मला वाचवायला गेलीस आणि आपण दोघी बुडालो. या सगळ्यात पंधरा आणे दोष माझा आहे. एक आणा तुझा. तो एक आणा मी सोडणार नाही.

भिशीच्या बायकांना मी कालच घरी बोलावून सांगितलं. आता सहाच घरं उरली आहेत, त्यांतल्या चार बायका नव्या. त्यांनी विचारलं, कोण सुभद्रा? मी म्हटलं, माझी बहीण, आणि तिचं लग्न मी मोडलं. मथुराबाई थकल्या आहेत, त्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांना दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं गेलं नाही.

आता ऐक. मी पुढच्या मंगळवारी, २९ तारखेला येते. सिकंदराबादला गाडी बदलून दुपारी बाराच्या आत तुझ्या दारात असेन. नको म्हणून कार्ड पाठवू नकोस, मी ते न वाचताच ठेवून देईन. हात प्लास्टरमध्ये आहे ही सबब चालणार नाही, तोंडाला प्लास्टर नाही.

मला बघून हसायचं नाही. ‘जाऊ दे ताई, झालं ते झालं’ म्हणायचं नाही. प्रार्थनेला तर मुळीच बसवायचं नाही. पोरींना बाहेर पाठव, दार लाव, मला समोर बसव आणि एकेक विचार. पाच आठवडे माझ्याबरोबर डबे कसे हलवलेस, विचार. अप्पांची पाटी पुसताना हात कसा चालला, विचार. मी सगळ्याची उत्तरं देईन. तू रड, मला शिव्या दे, तुला येत नसतील तर मी शिकवते. दहा वर्षांचं भांडण आहे, उभ्या उभ्या उरकणार नाही.

ते सगळं होऊन गेल्यावर तुला वाटलं की हिला आत ठेवून घ्यावं, तर त्या मुलीला माझ्यापुरता चहा टाकायला सांग. मी समजेन. नाही वाटलं, तर संध्याकाळी साडेसहाला परतीची गाडी आहे. मी स्टेशनवर चौकशी करून ठेवली आहे.

रमा